बरी झालेली जमीन

बाईंनी कुंडीतलं रोप अलगद उपटलं, मुळाची माती टिचकीने झाडली आणि ब्लेडने खालून वर उभी चीर दिली. आत तपकिरी रेघ होती. बाहेरून मूळ पांढरंशुभ्र, आणि मधोमध पेन्सिलीने ओढल्यासारखी ती रेघ. त्यांनी दुसरं रोप घेतलं, मग तिसरं. चौथ्याला ब्लेड लावायच्या आधीच त्या स्टुलावर बसल्या. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मर होती ती. हरभऱ्यावरचा हा रोग मोठा कपटी. रोप हिरवंगार असतानाच मान टाकतं. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो बिचारा पाणी देत सुटतो, आणि आठवड्याभरात सगळी ओळ आडवी होते. बुरशी मातीतून मुळात शिरते आणि आतल्या आत पाण्याच्या वाटा बुजवते. एकदा लागली की औषध नाही. मर न लागणारा वाण पेरावा, एवढाच भरवशाचा उपाय. आणि कुठल्या वाणाला ती लागत नाही हे सांगायला सबंध भागात ही एक सरकारी संशोधन संस्था, आणि संस्थेत या बाई. रोगशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच सांगण्यात घालवली होती.

ग्लासहाऊसमध्ये कुंड्यांच्या तीन रांगा होत्या. तिन्हींत एकच माती, एकच बुरशी. पहिल्या रांगेत जुना नाजूक वाण होता. मर कुठे आहे, कुठे नाही हे कळावं म्हणून तो मुद्दाम मरायलाच लावतात, म्हणून संस्थेत सगळे त्याला ‘बकरा’ म्हणत. बकरा मेला होता, तो मरायलाच हवा होता. तिसऱ्या रांगेत ‘वज्र’ होता, जुना, काटक, कमी पिकणारा. तो ऐटीत उभा होता. आणि मधल्या रांगेत माना टाकून पडला होता तो धाकटा.

धाकटा हे नाव कागदोपत्री नव्हतं. तो बाईंच्या यजमानांचा वाण. यजमान याच संस्थेत पैदासकार. दोन वाणांचा संकर करायचा, हजारो रोपांतून एक निवडायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं, हा त्यांचा उद्योग. सगळे त्यांना सर म्हणत. मुलगी शाळेत असताना सर घरी कमी आणि या रोपांत जास्त असत, तेव्हा तीच एकदा फणकाऱ्याने म्हणाली होती, “बाबांना आता धाकटा झालाय.” मुलगी सासरी जाऊन दुसऱ्या देशात रमली, तरी फोनवर अजून विचारायची, “धाकटा कसाय?” धाकटा उत्तम होता. टपोरा दाणा, भरघोस घाटे, कमी पाण्यावर येणारा. उद्या वाण मंजुरीची बैठक होती. महिनाअखेर सर निवृत्त होणार होते. पाहुण्यांना काय खाऊ घालायचं इथपर्यंत संस्थेत बोलणी झाली होती.

आणि त्या मंजुरीच्या कागदांत रोगाचा अहवाल बाईंचाच होता. ‘मर रोगास प्रतिकारक.’ खाली सही.

अहवाल खोटा नव्हता. निदान सही करताना तरी नव्हता. संस्थेत एक आजारी प्लॉट आहे. शहाणा माणूस जमिनीतला रोग घालवतो, बाई जपतात. मेलेली रोपं बारीक करून पुन्हा त्याच मातीत मिसळायची, वर्षानुवर्षं तिथे हरभराच घ्यायचा, बुरशीची उपासमार होऊ द्यायची नाही. अशा जमिनीत जो वाण तगला तो कुठेही तगेल. कुठल्या कंपनीला एवढा धीर नसतो, की जमिनीचा तुकडा वर्षानुवर्षं रोगी ठेवावा आणि त्यातून छदाम मिळवू नये. हे सरकारी संस्थेनेच करावं. शेजारचे शेतकरी चेष्टा करत, “डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पेशंट बरा झाला तर बाईंना राग येतो.” बाईही हसत.

यंदा प्लॉटमधला धाकटा जवळजवळ सगळा वाचला. पण बकराही बराचसा वाचला. सहायकांनी आकडे आणून दिले तेव्हा बाईंनी शेरा लिहिला, ‘थंडी लांबल्याने मर कमी.’ सही केली. मग मात्र ती गोष्ट दातात अडकलेल्या तंतूसारखी सलत राहिली. शेवटी त्या स्वतः प्लॉटवर गेल्या. बकऱ्याला घाटे धरले होते. आजारी प्लॉटमध्ये बकऱ्याला घाटे! त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं ते.

मुकादम लगबगीने पुढे आला. पूर्वी फळबागेत होता, नवीन गेट या बाजूला झालं तेव्हा त्याची इकडे बदली झालेली. हाडाचा शेतकरी.

“आता कसं दिसतंय बघा बाई!” त्याने हात फिरवून सबंध प्लॉट दाखवला. “नाहीतर गेटातून येणारा-जाणारा विचारायचा, मुकादम, एवढी मोठी तुमची संस्था आणि दारातच पीक मेलेलं? मान खाली घालायची वेळ यायची हो.”

“काय केलंत तुम्ही?”

“काय करणार, चांगलं कुजलेलं खत घातलं. आणि त्यात आपल्याच लॅबमधली ती पावडर मुरवली, चांगल्या बुरशीची. तुम्हीच सांगता ना मेळाव्यात, मर घालवायची तर असं असं करा म्हणून? मी पुढच्याच खुर्चीत बसलेलो असतो.”

बाईंना त्याच्यावर ओरडता येईना. प्लॉटला आजारी म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, तो आजारीच ठेवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जे ज्याला त्याला माहीत असतं ते नव्या माणसाला सांगायचं राहून जातं. 

“कधीपासून घालताय?” त्यांनी विचारलं.

“गेट झाल्यापासून. तिसरं वर्ष की हे. जमीन काय एका रात्रीत बरी होते? हळूहळू गुण आला.”

तिसरं वर्ष. यंदा थंडी लांबली होती. गेल्या वर्षी त्यांनी शेरा लिहिला होता, ‘पेरणी उशिरा.’ त्याआधी, ‘पावसाने ओल जास्त.’ दर वेळी बकरा थोडा कमी मेला होता आणि दर वेळी बाईंना काहीतरी कारण सापडलं होतं. आणि त्याच दरम्यान, त्याच प्लॉटमधून, त्यांच्याच सहीने ‘पहाट’ पास झाला होता. पहाट हा संचालकांचा वाण. संचालक होण्याआधी तेही पैदासकारच होते, आणि पहाटच्याच जोरावर खुर्चीवर बसले असं लोक म्हणत. पहाट आता गावोगाव पोचला होता.

त्याच दिवशी, म्हणजे महिन्याभरापूर्वी, बाईंनी फ्रीजमधली जपून ठेवलेली बुरशी काढली, माती निर्जंतुक करून त्यात कालवली आणि कुंड्या भरल्या. बकरा, वज्र आणि धाकटा. पहाटचं बियाणं त्याच कपाटात, त्याच फळीवर होतं. त्यांचा हात तिकडे गेला नाही. एका वेळी एकच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

* * *

“उद्या निळा घालू की पांढरा?” संध्याकाळी सर दोन शर्ट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. “निळ्यात जरा तरुण दिसतो म्हणे मी.”

“कोण म्हणतं?”

“मीच.”

“आधी जेवून घ्या.” बाईंनी ताटं मांडली. दोन घास झाले. तिसरा त्यांनी परत ताटात ठेवला. “अहो, धाकट्याला मर लागते.”

“कुठल्या धाकट्याला?” सर म्हणाले, आणि मग त्यांचा हात ताटातच राहिला.

बाईंनी सांगितलं. कुंड्यांचं, मुळांचं. सर म्हणाले, “चिरून बघितलीस?”

“बघितली.”

“सगळी?”

“कळायला पुरतील तेवढी.”

“हे बघ, कुंडीत कोंडायचं, फ्रीजमधली बुरशी पाजायची, मग कोण जगेल? मीसुद्धा मरेन.”

“शेजारच्या कुंड्यांत वज्र जगलाय. त्याच मातीत.”

“प्लॉटमध्ये तर वाचला ना माझा वाण?”

“प्लॉट बरा झालाय.” आणि बाईंनी मुकादमाची हकिगत सांगितली. सर आधी नुसते बघत राहिले, मग त्यांना हसू फुटलं. खरोखरीचं, पोट धरून.

“तुझ्याच भाषणाने तुझा प्लॉट बरा केला? वा! म्हणजे उभ्या जन्मात एका तरी माणसाने तुझं ऐकलं म्हणायचं.”

बाईंनाही हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. सरांचं हसू आटलं.

“कधीपासून घालतोय तो खत?”

बाईंनी ताटाबाहेर सांडलेले कण बोटाने एका जागी गोळा केले.

“या हंगामात,” त्या म्हणाल्या. किती सहज निघालं तोंडातून. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“मग झालं तर. उद्या काही बोलू नकोस. मंजुरी होऊ दे, बियाणं तयार व्हायला तरी वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर प्लॉट आजारी कर, पुन्हा लाव, पुन्हा बघ. वाण काय पळून जातोय?”

“आणि पुन्हा मेला तर परत कोण घेणार तो? एकदा का पिशवीवर आपला शिक्का बसला, की संपलं. कंपनीचं बियाणं घेताना माणूस दहा जणांना विचारतो. आपलं घेताना कुणी विचारत नाही. संस्थेचं आहे ना, मग द्या.”

“मला मेळाव्यातलं भाषण देऊ नकोस.” सर उठले. ताट तसंच राहिलं. “मी संस्थेत नसेन पुढच्या वर्षी. म्हणजे घरीच असेन. दुसरा कुणीतरी येईल, धाकट्याला फडताळात टाकेल, स्वतःचा नवा संकर काढेल. मीही तेच केलं होतं माझ्या आधीच्याचं. तू माझी बायको आहेस की परीक्षक?”

“उद्या सकाळी परीक्षक.”

“आणि आत्ता?”

“आत्ता बायको आहे, म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं.”

सरांनी दोन्ही शर्ट खुर्चीवर टाकले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. बाईंनी भांडी घासली. घासून झालेली पुन्हा घासली. आत्ता जाऊन सांगावं, तीन वर्षं म्हणून, असं दोनदा मनात आलं. पण मग पहाटचं निघालं असतं. पहाट निघाला की संचालक, की गावोगावचे शेतकरी, की बाईंची आजवरची सही न् सही. नवऱ्याच्या एका वाणावर निभावतंय तर निभावू दे. असा हिशोब त्यांनी केला खरा, आणि करताना स्वतःचीच शिसारी आली.

* * *

सकाळी उठून बघतात तर सर निघून गेले होते. बाई चहासुद्धा न घेता ग्लासहाऊसकडे गेल्या. कुलूप उघडं होतं आणि टेबल रिकामं. तिन्ही रांगा गायब, नुसते मातीचे गोल ठसे.

“सर घेऊन गेले,” पहारेकरी म्हणाला. “हातगाडीवर घालून. म्हटलं मी ढकलतो, तर नको म्हणाले.”

बाई तिथेच उभ्या राहिल्या. ज्या माणसाने एवढ्या वर्षांत कुणाचा एक दाणा इकडचा तिकडे केला नाही, त्याने कुंड्या नेऊन टाकल्या. आणि याहून वाईट म्हणजे, क्षणभर त्यांना हायसं वाटलं. पुरावाच नाही तर आपण तरी काय बोलणार? हायसं वाटल्याची लाज मग बैठकीच्या दारापर्यंत त्यांच्या सोबत आली.

दार ढकललं आणि त्या थबकल्या. कुंड्या बैठकीच्या टेबलावर होत्या. लांबलचक चकचकीत टेबल, त्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली, आणि वर मातीने माखलेल्या कुंड्या, तीन रांगांत, क्रम न चुकवता. बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ चष्मे सावरून बघत होते. सर कोपऱ्यात उभे. पांढरा शर्ट, बाह्यांना चिखल.

“बसून घ्या सगळे,” संचालक म्हणाले. “सरांना काहीतरी सांगायचंय.”

सरांनी लांबण लावली नाही. “हा वाण मी मागे घेतो. याला मर लागते. रोगाच्या प्लॉटला या हंगामात चुकून खत पडलं, जमीन बरी झाली, म्हणून तिथे हे दिसलं नाही. बाईंनी ते पकडलं. अहवालात त्यांचा काही दोष नाही, हे लिहून घ्या.”

मधल्या रांगेतलं एक रोप त्यांनी उपटलं, खिशातला चाकू काढून मूळ चिरलं आणि तज्ज्ञांपुढे धरलं. चीर सरळ आली.

मग तज्ज्ञांपैकी म्हातारे होते ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि सरांचा मातीचा हात दोन्ही हातांत घेतला. “आमच्या हयातीत असं कुणी केलेलं पाहिलं नाही,” ते म्हणाले. संस्थेचा मान कशात आहे ते आज कळलं, असं काहीसं संचालकही बोलले. सर खुर्चीत बसले आणि रुमालाने एकेक बोट पुसत राहिले. स्मशानातून परतलेला माणूस बसतो तसे बसले होते ते. बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

“आता पुढचा विषय,” संचालक म्हणाले. “पहाटला मागणी फार आहे. यंदा बियाणं दुप्पट करायचं, आणि मर लागून ज्या भागात हरभरा बुडतो तिथे आधी पाठवायचं. बियाणं खात्याची तयारी आहे. रोगाबद्दल बाईंचा अहवाल आहेच. मंजूर?”

माना हलल्या. कुणीतरी पुढचं पान उलटलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. बसून बोललं तरी चाललं असतं. “प्लॉटला खत या हंगामात पडलेलं नाही. तीन वर्षं पडतंय.”

“सर तर आत्ताच म्हणाले—”

“त्यांना मी तसं सांगितलं होतं.”

संचालक आधी हसल्यासारखे झाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “म्हणजे पहाटची चाचणी...”

“त्याच प्लॉटमधली. तेव्हाही बकरा पुरता मेला नव्हता. मी पावसाचं कारण लिहिलं. सही माझी आहे.”

“पहाटला मर लागते असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मला माहीत नाही. तेच सांगतेय मी. मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखी मी सही केली.”

“बाई, ते बियाणं लोकांच्या घरात जाऊन पडलंय.”

“हो.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सर उठले होते. ते कुणाशी न बोलता टेबलाला वळसा घालून बाहेर गेले. दार आपोआप मिटत गेलं. तरी बाई बोलत राहिल्या, कारण आता थांबणं बोलण्याहून अवघड होतं. पहाटच्या कुंड्या आजच भरते, म्हणाल्या. तो निकाल येईपर्यंत एक दाणाही बाहेर जाऊ नये. ज्यांनी नेलंय त्यांना, मर असलेल्या जमिनीत पेरू नका असं कळवावं, आणि का ते खरं कळवावं. संचालकांनी धाकट्याचं ते चिरलेलं मूळ उचलून जवळ धरलं. अखेर म्हणाले, “विक्री थांबवा.” तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आत आला, तर त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं.

* * *

सर गेटाजवळ होते, प्लॉटच्या बांधावर. बाई जवळ जाऊन उभ्या राहिल्या. समोर बकऱ्याच्या ओळी घाट्यांनी लगडल्या होत्या.

“केलं मंजूर?” सरांनी विचारलं.

“थांबवलं.”

“संचालकाने स्वतः?”

“त्यांनी स्वतः.”

सरांनी मान हलवली. माणूस वाईट नाही, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, “काल मला का सांगितलं नाहीस?”

“धीर झाला नाही.”

“माझ्या धाकट्याचं सांगायला झाला.”

काय सांगणार? चुकलं म्हणणं फार थोडं होतं, तरी त्या म्हणाल्या, “चुकलं माझं.” सरांनी बकऱ्याचा एक घाटा खुडून सोलला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पलीकडच्या टोकाला मुकादम पाण्याचा पाट फिरवत होता. या दोघांना बघून त्याने फावडं उंचावलं, आणि पिकाकडे बोट करून लांबूनच हसला. कसं आहे, म्हणून विचारत होता.

“याला सांगावं लागेल,” सर म्हणाले. “खत बंद. जमीन पुन्हा आजारी करायची. कोसळेल बिचारा.”

“मी सांगते. चूक माझी आहे.”

सरांनी पायातले बूट काढून बांधावर ठेवले, पँट वर दुमडली आणि पाटात पाय टाकला.

“नको, मीच सांगतो,” ते म्हणाले. “तू अर्धंच सांगशील.”